दातात धरलेला पेचकस

गेवराईत ख्वाजाचाचांच्या गॅरेजला पाटी नाही. कधी लागलीच नाही. लांबून आवाज आला की मान न वळवता चाचा सांगायचे, "राजदूत. बद्रीनाथ दूधवाला. ऑइल कमी टाकलंय बे ह्यानं."

पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून पळणाऱ्या टू-स्ट्रोक गाड्या चाचांनी जन्मभर कानानं ओळखल्या अन् कानानंच दुरुस्त केल्या. लुना गुरुजींची, टर्रर्र करत शाळेपर्यंत रडत जाणारी. आरएक्स-हंड्रेड नव्या मिशीवाल्यांची: रिंग-डिंग-डिंग, मागं निळा धूर, धुरामागं खोकणाऱ्या बायांच्या शिव्या, अन् त्या शिव्या ऐकून पोरं आणखीच रेस पिळायची. राजदूत दूधवाल्यांची, दोन्हीकडं कॅन लटकवून फट-फट-फट. इंजिनात भागच मोजके. वाटेत बंद पडली तर प्लग काढायचा, सदऱ्याला पुसायचा, किक. मालकालाच दुरुस्त करता येणारी गाडी कोण विसरतं?

मग फोर-स्ट्रोक गाड्या आल्या. पेट्रोल कमी, धूर नाही, आवाज नाही. लुना भंगारात गेल्या. चाचा नव्या गाडीला हात लावेनात. "ह्यो काय आवाज हाय? मांजर झोपल्यावाणी."

बद्रीनाथ तेवढा टिकला. अन् नेमके आता चाचांचे कान गेले.

कुणाला पत्ताच नाही. हजराबी, चाचांची बायको, हाक मारून थकली तरी तिला वाटायचं, हे नेहमीचंच सोंग. चाचा सोंग वठवायचेही झकास. गिऱ्हाइकाचे ओठ बघायचे, "हां हां" म्हणायचे अन् रात्री छताकडं बघत पडायचे. कान नसलेल्या टू-स्ट्रोक मिस्त्रीकडं गाडी कोण आणणार?

त्या सकाळी बद्रीनाथ बायकोला घेऊन शिरूर कासारला निघालेला. सुरेखा मागं पिशव्या सांभाळत बसलेली.

"चाचा, आतून कायतरी वाजतंय. बघा बरं."

चाचांनी लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनाला टेकवलं अन् मूठ कानाला. पूर्वी असं केलं की इंजिनाच्या पोटातलं सगळं कानात उतरायचं. आज काहीच नाही. डोळे मिटून त्यांनी मान डोलावली.

"मक्खन हाय. जा बिनघोर."

डबा घेऊन आलेली हजराबी दारातच थबकली. "अजी, टक-टक हो रा ना. मेरेकू आ रा सुनने, तुमकू नै आ रा?"

चाचांना तिचे फक्त ओठ दिसले. टक-टक. तेवढं कळलं.

बद्रीनाथनं गिअर टाकला. चाचा गाडीला आडवे आले. "थांब बे!" मूठ पुन्हा कानावर, दुखेपर्यंत. काही नाही. दुसरा कान. काही नाही. मग त्यांनी पेचकसाची मूठ दातात धरली.

जबड्यातून कवटीत चढलं. टक. टक. टक.

त्यांनी किल्ली काढून घेतली.

"क्रँकची बेरिंग गेली, बद्री. हायवेवर चाक जाम झालं असतं. मागून ट्रक."

"आत्ताच तं मक्खन म्हणलाव!"

चाचा ओठ बघत होते. "मला ऐकू येत न्हाई," ते म्हणाले. "लई दिवस झाले."

सुरेखा खाली उतरली. बद्रीनाथ लाल झाला. "अन् आमाला असंच पाठवत होताव? कावून सांगितलं न्हाई?" त्यानं इंजिनाकडं बोट केलं. "बसवा नवी बेरिंग."

"मिळत न्हाई आता."

बद्रीनाथनं पिशव्या उचलल्या. राजदूतच्या टाकीवर एकदा हात फिरवला अन् बायकोला घेऊन बसस्टँडकडं वळला. जाता जाता म्हणाला, "भंगारवाल्याला सांगतो न्यायला." चाचांकडं पाठ करून म्हणाला, म्हणजे चाचांना ते पोचलंच नाही.

चाचांनी किल्ली लावून किक मारली. पुन्हा पेचकस दातात. आता टक-टकच्या आड तेही येत होतं, जुनं, फट-फट-फट.

"बंद करो जी! फुटेगा वो!" हजराबी ओरडली.

चाचांनी डोळे मिटून घेतले होते.