नंदाच्या अंगावरचं पुरळ

मंडळातल्या मैत्रिणींनो, आज भजनाला का आले नाही, ते लिहून इथे फळ्याला लावतेय.

मुंबईला माझ्या लेकीच्या, नंदाच्या, अंगात तिच्या भावाची, सुरेशची, अस्थिमज्जा घातली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आज सकाळी तिचे तळहात-तळपाय लाल झाले, अंगभर पुरळ उठलं.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "देवी आल्यात पोरीला. मुंबईच्या गोळ्या बंद कर की. कडुलिंब टाक अंथरुणात."

आपल्यात हेच करतात; देवी आल्यावर औषध दिलं तर आई कोपते म्हणतात. गोळी देताना माझाही हात थांबला. पण पुरळ दिसलं तर लगेच कळवा, असं मुंबईच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून ट्रंक कॉल लावला.

ते म्हणाले, "भावाच्या पेशी तिच्या शरीराला परकं समजून झगडताहेत. गोळी चुकवू नका. आत्ताच एक जास्तीची द्या आणि आजच इकडे मुंबईला निघा."

ते ऐकून सुरेश दाराबाहेरच बसला. "माझ्यामुळं हाय हे सगळं."

नंदा आतून म्हणाली, "लहानपणी बाहेरनं मारायचास, आता आतनं मारतोयस. ये, तळव्यांना वारा घाल." तो डोळे पुसत आत गेला.

गोळी मी आधी अंबाबाईपुढं ठेवली, मग नंदाला दिली. आता रात्रीच्या गाडीनं मुंबईला निघतोय. आई रागावली असेल का हो? मला तरी वाटत नाही. तुम्हाला काय वाटतं?