होडीला पाणी पाजलं न्हाई त्या साली

१९९९ साल. मी एकसष्ट वर्षांचा. शाळा दुसरीपर्यंतच, पण धरणावर माझ्या होडीपुढं कोणाची होडी जात न्हवती, हे कळमनुरीच्या बाजारातही ठाऊक होतं.

धरण भरलं त्या साली आमच्या भोयांतल्या म्हाताऱ्यांनी ही शर्यत सुरू केली. पावसाळ्यात मासेमारी बंद. पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, साऱ्यांनी होड्या काढायच्या, पाण्यातल्या टेकडीला वळसा घालून परत यायचं. ढाल न्हाई, बक्षीस न्हाई. रीत एकच: जो पहिला येईल त्यानं तसंच माघारी फिरायचं, सगळ्यात मागच्याला दोरी फेकायची अन् ओढून आणायचं. शेवटचा काठाला लागल्याबिगर कोणी जिंकलं म्हणायचं न्हाई. सात साल ती दोरी मीच फेकली.

तीन महिने शेडात पडून होडीचं लाकूड सुकतं, फळ्यांत फटी पडतात. म्हणून शर्यतीच्या दोन दिवस आधी दगड भरून होडी पाण्यात बुडवायची. लाकूड पाणी पितं, फुगतं, फटी मिटतात. त्या साली मी होडीला नवा निळा रंग दिला होता. चिखल लागंल म्हणून बुडवली न्हाई. माझे इवाई, म्हणजे लेकीचे सासरे, मुद्दाम सांगायला आले की वरून रंग दिला तरी लाकूड तहानलेलंच राहतं. मी म्हणालो, माझी होडी मला शिकवू नका.

टेकडीपाशी होडीत शिरलेलं पाणी घोट्याला लागलं. वळसा घातला तवर पोटरीला. साऱ्या होड्या पुढं गेल्या अन् मी वल्हं सोडून डब्यानं पाणी उपसून राहिलो. मला पव्हता येतं, होडीला न्हाई. ती तळाला गेली असती तर माझं घर बी तिच्यासंगं गेलं असतं.

तवर एक होडी माघारी येताना दिसली. पहिले आलेले इवाईच होते. दोरी हातात धरून थांबले.

“इवाई, दोरी धरता, का निळा रंग खाली माशांना दाखवता?”

मी तोंड फिरवलं. होडी एका अंगाला कलली, तसा गुमान हात पुढं केला.

काठावर सारे हसले. शरमेनं मरीन असं वाटलं होतं. पण होडीचा तळ मातीला घासल्याचा आवाज आला अन् छाती मोकळी झाली. सात साल हरायच्या धास्तीनं करीला घास उतरत न्हवता. त्या दिवशी इवायाशेजारी बसून तीन भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो अन् दगड भरून होडी बुडवली, रंगासकट.