नीताच्या वयाची बाटली

सुधाकरकडे जेवायला गेलं की किस्सा घेऊनच उठायचं, असं तीस वर्षं चाललं. हसायचेच किस्से होते हो सगळे! हे त्यातले शेवटचे.

*

त्याची नीता पोर्तुगालला नोकरीला. एकदा तिनं तिच्या जन्मसालातली वाइन आणली. "बाबा, थंड जागी आडवी ठेवा. खास दिवशी उघडा."

आमच्या नालवाडीत, मे महिन्यात, थंड जागा! या बहाद्दरानं बाटली ओल्या बारदान्यात गुंडाळून पलंगाखाली ठेवली आणि दोन उन्हाळे रोज तांब्याभर पाणी मारलं. लेबल धुऊन गेलं. मी म्हटलं, "आता हिचं वय कसं कळन बे?"

"नीताले विचारजो. दोघी एकाच वयाच्या हायेत!"

*

आपला जिल्हा दारूबंदीचा. सुधाकर सरळमार्गी, रीतसर परवाना काढायला गेला. साहेबानं विचारलं, "तब्येतीसाठी पाहिजे का?"

"हो जी. नाई पेलो तर पोरीची तब्येत बिघडते!"

*

तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र जन्मभर खाल्ला. मी किती शिव्या घातल्या! शेवटी जिभेवरची जखम भरेना. डॉक्टर म्हणाले, जीभ काढावी लागेल, चव गेलीच समजा.

बाहेर येऊन स्कूटरला किक मारता मारता हा म्हणतो, "गुरुवारी ऑपरेशन. त्याच्या आंधी रविवारी जेवाले येजो, बाटली खोलू."

*

रविवारी वहिनींनी पाटवडीचा रस्सा केला, जन्मात पहिल्यांदा बिनतिखटाचा. त्याला झोंबायचं ना. बूच तुटलं, म्हणून वाइन चहाच्या गाळणीनं स्टीलच्या ग्लासांत गाळली. मी घोट घेतला. निव्वळ सिरका!

वहिनी म्हणाल्या, "कांद्यावर टाकू का जी?" आम्ही खूप हसलो.

तेवढ्यात नीताचा व्हिडिओ कॉल. "बाबा, कशी आहे?"

त्यानं तिच्यासमोर मोठा घोट घेतला. जखमेवर आग झाली असणार, डोळ्यांतून पाणी आलं. "लय भारी, बेटा! अशी कधीच नाई पेलो."

फोन ठेवल्यावर त्यानं उरलेला ग्लासही रिकामा केला. मी ओरडलो, "आता काऊन पेऊन राह्यला बे?"

"पोरीच्या वयाची हाय. मोरीत ओतू काय?"

*

दिवाळीत नीता आली, त्याच सालाची दुसरी बाटली घेऊन. तोवर सुधाकरचं बोलणं पाटीवर आलं होतं. गळ्याशी टाके, अंगावर नुसती हाडं. बघवत नव्हतं.

मी घोट घेतला. काय सांगू! मनुका, जुना गूळ, अजून काहीतरी, ज्याचं नावच मला येत नाही. घशाखाली उतरवावीशी वाटेना. मित्राच्या समोर बसून मी एकटाच ती चव घेतोय, याची लाज वाटली.

नीतानं चमच्यानं त्याच्या ओठांत दोन थेंब सोडले. "बाबा, कशी आहे?"

त्यानं डोळे मिटले. मग पाटी ओढली, लिहिलं, आणि तिच्याआधी मला दाखवली.

"डिट्टो मागच्यासारखी!"