रांधून कोण राह्यलं?

तुमच्या घरातली शेगडी कोणी निवडली? आठवून सांगा. दुकानात कोण गेलं होतं, बटणं कोणी फिरवून पाहिली, "हीच द्या" असं कोण म्हणालं? आणि त्या दिवसापासून तिच्यासमोर रोज उभं कोण राहतं?

हा शेवटचा प्रश्न मूळचा माझा नाही. पांढरकवड्याला एसटी स्टँडमागच्या गल्लीत डबे करून देणाऱ्या एका मावशीचा आहे. भाजीत तिखट कमी पडलं म्हणा, डबा लवकर पाठवा म्हणा, ती कमरेवर हात ठेवून एवढंच विचारायची, "रांधून कोण राह्यलं?" म्हणजे, रांधतंय कोण? तुम्ही असता तर तुम्हीही डबा उचलून गुपचूप निघाला असता.

मी तिच्या समोरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. पत्रकांवर वाढलेला पोरगा. वडील सभांची पत्रकं वाटायचे आणि उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. समतेवर मी तासभर बोलू शकत होतो. मावशी सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बरं बाबू, आता आपलं ताट धुऊन ठेव."

एका सकाळी डबा घ्यायला गेलो तर दारातच गॅसचा वास नाकात शिरला. मावशी शेगडीपासून दोन हातांवर बसून तुरीची डाळ निवडत होती. मी धावत जाऊन रेग्युलेटर बंद केला, खिडकी उघडली.

"काहून रे, एवढा धावून राह्यला?"

"मावशी, गॅस निघून राह्यला! वास नाही आला तुले?"

तिनं सूप खाली ठेवलं.

"मले वासच येत नाही, बाबू. त्या मोठ्या तापापासून. कोणाले सांगू नको. ज्या बाईले वास येत नाही, तिच्या हातचं कोण खाईन?"

म्हणजे कित्येक महिने ती नाकाशिवाय रांधत होती आणि तिचा डबा खाणाऱ्या एकालाही ते कळलं नव्हतं. फोडणीवर वाकून कान लावायची, ते मी तिची लकब समजत होतो. भाजी करपायच्या आधी तिचा आवाज बदलतो, हे मला त्या दिवशी कळलं.

त्याच आठवड्यात तिनं ठरवलं, घरात गॅस नको. इंडक्शन आणायची. तिला काय झालंय, ते तिनं बाहेरगावाहून आलेल्या मुलालाही सांगितलं. तरी दुकानात त्याचं चालूच होतं, "आई, त्याच्यावर भाकर होत नाही. लाईट गेली मंग? लोक डबे बंद करतीन." दुकानदारही सगळं त्यालाच समजावत होता. मावशी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"माह्याकडं पाहून बोल भाऊ. रांधून कोण राह्यलं?"

शेगडी आली आणि निम्मी भांडी तिच्यावर तापेचनात. मग तिनं जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढलं, पदराला बांधलं आणि गल्लीभर फिरली. ज्या भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटेल तेच या शेगडीवर तापतं, म्हणून ते घ्यायचं, बदल्यात आपलं ॲल्युमिनियमचं द्यायचं. "दाखव वं तुह्या गंजाचं बूड!" असं ती दारातूनच ओरडायची. बाया हसून लोटपोट व्हायच्या, पण आपापले गंज, म्हणजे पातेली, घेऊन बाहेर यायच्या.

भाकरीनं मात्र छळलं. मधे काळी, कडेला कच्ची. आठ दिवस ती त्या भाकरी स्वतः खात होती आणि डब्यांसाठी मागच्या अंगणातल्या चुलीवर वेगळ्या करत होती. मग सपाट बुडाचा जड तवा आणला, आच कमी केली, फडक्यानं कडा दाबत भाकर गोल फिरवू लागली. ती टम्म फुगली त्या सकाळी मला हाक मारून फोटो काढायला लावला. "पाठव पोराले. काही लिहू नको खाली. नुसती भाकर पाठव."

गॅस का काढला, असं लोक विचारू लागले. मुलगा म्हणाला, सिलेंडर मिळत नाही म्हणून सांग. ती म्हणाली, "ज्याईले खाऊ घालते त्याईच्याशी खोटं कायले बोलू? बाबू, तुले पत्रक लिहिता येते ना? लिही."

मी 'जागे व्हा!' पासून सुरुवात केली. तिनं ते वाचून घेतलं.

"एवढं कोण वाचीन जेवता जेवता?"

सगळं खोडून उरलं ते असं: 'मला वास येत नाही. म्हणून गॅस काढला. मीठ जिभेनं पाहते, फोडणी कानानं. पटलं तर जेवा, नाही तर डबा बंद करा.'

प्रत्येक डब्याच्या झाकणाखाली एक चिठ्ठी गेली. दुपारभर मावशी ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहत होती. तिचं घर त्या डब्यांवर चालत होतं.

तिघांनी डबे बंद केले. बाकीचे चाटूनपुसून परत आले. एका कंडक्टरच्या डब्यात तीच चिठ्ठी होती आणि तिच्या मागे लिहिलेलं, 'आज मीठ थोडं जास्त होतं.' मावशी हसत सुटली. हसता हसता पदरानं डोळे पुसत राहिली.

मागच्या उन्हाळ्यात चार दिवसांच्या आजारात ती गेली. मी तोवर ते गाव सोडलं होतं, तेराव्यानंतरच पोचलो. मुलगा-सून आता तिथंच राहतात, डबे सून करते. स्वयंपाकाच्या ओट्यावर नवा गॅस होता. तेरावं झाल्याबरोबर मुलानं आणलेला. माझं डोकं तडकलं. भाषण अगदी ओठावर आलं होतं, तेवढ्यात खिडकीच्या गजाला चिकटलेलं ते लोहचुंबक दिसलं. मी भाषण गिळलं आणि विचारलं, "वहिनी, तुम्हाला कोणती शेगडी हवी होती?"

त्यांचे पीठ मळणारे हात थांबले.

"मले गॅसच पाहिजे होता, भाऊजी. मले वास येते. पण विचारलं नाही ना कोणी. तुम्हीच पहिले."

समतेवर तासभर बोलणाऱ्या मी त्या दिवशी बाहेर येऊन आईला फोन लावला. तिलाही हे पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं.

आता हे वाचणं थांबवा आणि स्वयंपाकघरात जा. जी रांधते तिला विचारा, तुला कोणती शेगडी हवी आणि का. तिचं बोलणं पुरं होईपर्यंत तोंड उघडू नका. मग ती म्हणेल ती आणा. आणि रांधणाऱ्या तुम्हीच असाल, तर कोणी विचारायची वाट पाहू नका. कमरेवर हात ठेवा आणि मावशीचा प्रश्न घरभर ऐकू जाईल असा विचारा.