साईड देणारा युसूफ: मुंबई ते मद्रास, जळकोटवरून

आणि जळकोटला दोन तास बसलो पण अणदूरला घरी दोन मिनिटं थांबलो न्हाई, हे तुम्ही साऱ्या गावाला सांगताय ते कळलं मला, दादा. भिमा गवळ्यानं मला पाहिलं म्हणं. "तुमचा धाकटा गॉगल लावून भुर्रकन गेला." गॉगल न्हवता तो! उघड्या गाडीत डोळ्यात धूळ जाती म्हणून लावायचा चष्मा होता. आता सगळं ऐका, आणि पारावर वाचून दाखवताना मधलं गाळू नका. मद्रास बघायचं म्हणणारी पोरं तिथं बसलेली असतील, त्यांच्या बी कामाचं हाय.

युसूफ म्हणजे जळकोटच्या रहीमचाचांचा पुतण्या. सोलापूर-हैद्राबाद रोडवर सात वर्षं ट्रक चालवला, मग मुंबईत आमच्या गॅरेजात आला. मी नट आवळतो, तो गाडी पळवतो. शेठनी त्याला खंडाळ्याच्या घाटात गाडी उतरवताना पाहिलं आणि सरळ शर्यतीतच बसवला. तर पहिल्या शर्यतीत यानं काय करावं? मागून गाडी आली की आरशात बघायचा, डावीकडं व्हायचा आणि साईड द्यायचा! एकाला दिली, दोघांना दिली, पाचजणांना दिली. वर हात बाहेर काढून "जावा, जावा" केलं. लोक पोट धरून हसले. आपल्या रोडवर डांबर एका गाडीपुरतं, साईड न देणारा शिव्या खातो. सात वर्षांची सवय, जाती कुठं?

शेठ म्हणाले, "मद्रासला शेवटची संधी. पहिला आलास तर विलायतेला पाठवतो, जगातले तरबेज पळवणारे येतात तिथं. परत साईड दिलीस तर तू ट्रकवर, आणि हा तुझा मिस्त्री बी तुझ्याबरोबर." मिस्त्री म्हणजे मी.

शेठ रेल्वेनं गेले. गाडी आम्ही दोघांनी रस्त्यानं न्यायची होती. छप्पर काढलेली, आतून सगळी आमच्या हातची. पहिल्या दिवशी सोलापूर गाठलं. पोरांनो, टाकी सोलापुरातच भरा, पुढं पेट्रोलची खात्री न्हाई. आणि थंडीचे दिवस असले तर कानाला मफलर पाहिजेच. सकाळी निघताना मी पेचकस घेतला आणि गाडीचा आरसाच काढून खिशात टाकला. मागचं दिसलंच न्हाई तर साईड देईल कुणाला?

इटकळच्या पुढं एक बैलगाडी आडवी आली. आम्ही मुरमावर उतरून थांबलो.

"छप्पर कुठं पाडलं वं?" गाडीवाल्यानं विचारलं.

"वजन लई होतं, काका. मुंबईला ठिवलं," युसूफ म्हणाला.

"मग पावसाच्या आत घिऊन या, न्हायतर भिजताल."

मग अणदूर आलं. आपला देव दोन महिने नळदुर्गात ऱ्हातो, तेव्हा तिकडंच होता, त्यामुळं फाट्यावर गर्दी न्हवती. युसूफनं वेग कमी केला. "उतरतोस?" मी म्हणालो, "चल." वेळ न्हवता असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहू? मागं दोन दिवसांसाठी पेरणीला आलो, तुम्ही दोन महिने ठेवून घेतलं. आई ओट्यावर दिसली असती तर माझं मद्रास तिथंच संपलं असतं.

जळकोटला थांबलो ते रहीमचाचांसाठी. निजामाच्या काळापासून लॉऱ्या चालवलेला माणूस, आता नजर कमी झाली म्हणून रोडच्या कडेला पंक्चर काढत बसतो. शेजारी चहा दहा पैशाला, आणि कप भरून. चाचांनी आधी आमचं सगळं ऐकून घेतलं, मग गाडीभोवती हात फिरवत एक चक्कर मारली.

"आरसा कुठाय?"

मी खिशातून काढला.

"मागं बघायची भीती वाटती त्यानं गाडीच चालवू नये. लाव!" मग युसूफकडं वळले. "साईड दिली म्हणून तू हरला न्हाईस, बेटा. डांबर सोडलं की तू ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतोस, म्हणून हरलास."

"मुरमावर गाडी सरकती, चाचा."

"सरकू दे की. सरकत्या गाडीला धरायचं नसतं. तोंड कुणीकडं, तेवढं सांगायचं."

आणि स्वतः युसूफच्या शेजारी पुढं बसले! मी मागं पेट्रोलच्या कॅनवर. येणेगूरकडच्या सरळ रोडवर दोन चाकं डांबरावर, दोन मुरमावर, पाय तसाच दाबलेला. पहिल्याच खेपेला आम्ही ज्वारीत. एक बाई विळा घेऊन धावत आली.

"ज्वारीत गाडी घालताव व्हय रं? तुज्या बापाचं रान हाय?" मग तिला चाचा दिसले. "अगं बया, रहीमभाई, तुमी?"

"पोरगं शिकतंय, वहिनी."

"सात साल टरक चालवला की त्यानं! आता काय शिकतंय?"

तरी जाताना तिनं हुरडा दिला. अकराव्या खेपेला गाडी मुरमावरून अशी निघाली की माझ्या हातातला हुरडा सगळा उडाला. चाचा खाली उतरले, कपडे झटकले आणि म्हणाले, "आता जावा."

तिथून उमरगा, हैद्राबाद, आणि चौथ्या दिवशी मद्रास. तिथं हिंदी चालत न्हाई, बोट दाखवून मागायचं. इडली सकाळी खावा, दुपारी भात इतका वाढतात की काम सुचत न्हाई.

शर्यत जुन्या विमानतळाच्या पट्टीवर होती. वळणावर पिंपं मांडलेली, पट्टीच्या बाहेर नुसती माती. शेवटच्या फेऱ्यांत युसूफ दुसरा आणि पुढचा निळ्या गाडीवाला त्याला हलू देईना. मी कठड्याला धरून उभा, शेठ माझ्या खांद्याला धरून. वळण आलं. सगळे इथं पाय काढायचे. युसूफनं दोन चाकं मातीत टाकली आणि पाय काढला न्हाई! नुसता धुरळा. काही दिसेना. शेठनी डोळे मिटले, मी ओरडत होतो पण काय ओरडत होतो ते ठाऊक न्हाई. धुरळ्यातून आधी आमचा बंपर निघाला, दादा. मागून निळी गाडी. शेवटच्या फेरीत ती आरशात मोठी मोठी होत आली, युसूफ सांगतो, "उजवा हात आपोआप बाहेर निघाला होता. मग स्टेअरिंग पकडून ठिवला." पहिला आला!

आता मुंबईत परत आलोय. गॅरेजात सगळे जिंकलेल्या कपाचं बोलतात. मला मात्र त्या अकरा खेपा आठवतात, आणि अणदूरच्या फाट्यावर तोंडातून निघालेलं "चल" बी आठवतं. ते बरोबर होतं, पण गोड लागत न्हाई.

शेठ शब्दाचे पक्के निघाले. युसूफ विलायतेला चाललाय आणि मिस्त्री म्हणून मी बरोबर. बोटीच्या आधी घरी येतो. दोन दिवस, दोनच, आईसमोर कबूल करा. सहा महिने तिकडं राहणार, तिथून मनिऑर्डर येती का कोण जाणे. दर महिन्याला घरी धाडतो ते पंचवीस, तर सहा महिन्यांचे एकदमच पाठवतोय. दीडशे रुपये.