भाऊजींच्या दोन मशिनी

आलेलं गिऱ्हाईक परत पाठवण्यात माझ्या भाऊजींचा हात धरणारा माणूस अख्ख्या नागपुरात सापडायचा नाही. त्यांचा धंदा झाडं छाटण्याचा. टेम्पोच्या दोन्ही अंगांना 'झाडांची छाटणी व देखभाल' असं ठळक रंगवलेलं आहे. पण कोणी झाड तोडायला बोलावलं की हे झाडाचं वकीलपत्र घेतल्यासारखे जातात. जरीपटक्यात एका कापड दुकानदाराच्या दारात कडुनिंब होता. फांद्यांमुळे दुकानाची पाटी झाकली जाते म्हणून त्याला ते झाडच नको होतं. भाऊजींनी त्याच्याकडून एक खुर्ची मागून घेतली, रस्त्यापलीकडे मांडली आणि तासभर नुसते दुकानाकडे पाहत बसले. मग दुकानदाराला बोलावून म्हणाले, "शेठ, उन्हाळ्यात दुपारचं गिऱ्हाईक तुमच्याच दारात काहून थांबते, माहीत आहे का? सावली आहे म्हनून. पाटी दोन फूट खाली घ्या." पाटी खाली आली, दोन फांद्या गेल्या, कडुनिंब राहिला, आणि दिवसभराचं काम पाऊण तासात उरकून भाऊजी घरी जेवायला हजर. माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "यांनी डॉक्टर व्हायला पाहिजे होतं. दवाखाना कायम रिकामा राहिला असता."

हा धंदा त्यांनी चाळिशीत सुरू केला. त्याआधी एका ठेकेदाराकडे विजेच्या उंच टॉवरवर चढून तारा ओढायचं काम करायचे. त्यामुळे उंचीची भीती नव्हती आणि पट्टा, दोर, गाठी सगळं हाताखालचं होतं. टॉवर सोडून झाडाकडे का वळलात, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "टॉवर हालत नाही गा. झाड हालते. हालणाऱ्या गोष्टीवर मानूस जागा राहते." यातलं किती खरं आणि किती मला गप्प बसवण्यासाठी, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

सामान घेणं हा त्यांच्याकडे लग्नाचा बस्ता काढण्याइतका मोठा सोहळा असायचा, विशेषतः दोर. आमचं घर उमरेडचं, विणकराचं. वडिलांचा हातमाग माझ्या लहानपणीच बंद पडला, पण ताईच्या बोटांत सूत कायम राहिलं. दुकानदार दोराचं वजन, ताकद, कुठल्या देशाचा माल, असं सगळं पाठ केलेलं सांगत असे. भाऊजी ऐकून घेत आणि दोराचं टोक ताईच्या हातात देत. ती डोळे मिटून वरच्या विणीवरून अंगठ्याचं नख फिरवायची आणि म्हणायची, "वीण सैल आहे. घाम पिईल." झालं, तो दोर परत. असे सात-आठ दोर नापास झाल्यावर एक पास व्हायचा. मग त्याची वही निघायची. कधी घेतला, कुठल्या झाडावर चढला, कधी भिजला, सगळं त्यात. वर्ष भरलं की दोर कितीही नवा दिसो, भाऊजी त्याला निवृत्त करत. हे निवृत्त दोर नातेवाइकांत वाटले जात. आमच्या सगळ्या घरांत कपडे वाळत घालायला हेच दोर आहेत. माझ्या गॅलरीतल्या दोरावर दोन बनियन आणि एक टॉवेल असतो, पण वेळ पडली तर त्यावर म्हैस टांगता येईल.

मागे हिंगण्याहून एक विक्रेता माणूस उचलणारी गाडी घेऊन आला. पाळण्यात उभं राहायचं, बटण दाबायचं, माणूस थेट शेंड्याला. भाऊजी पाळण्यात उभे राहून तीन वेळा वर गेले, तीन वेळा खाली आले. विक्रेत्याला चहा पाजला, गाडीचं तोंडभरून कौतुक केलं. तो कागद काढायला लागला तेव्हा म्हणाले, "गाडी एक नंबर आहे. पन हिच्यात झाडाच्या अंगाले हात लागत नाही." विक्रेता माझ्याकडे पाहू लागला. मी माझ्या चहाकडे पाहिलं.

पण या धंद्यात खरी गंमत होती ती भाऊजी वर आणि ताई खाली असण्यात. वर चढणाऱ्याच्या दोराचं एक टोक खाली कोणाच्या तरी हातात लागतं. शिवाय कुठली फांदी कुठे पडेल, हे खालूनच नीट दिसतं. ते काम अठरा वर्षं ताईने केलं, साडीचा पदर खोचून, डोक्यावर हेल्मेट घालून. "डावी नको, तिच्यावर घरटं आहे," असं ती ओरडायची. वरून उत्तर यायचं, "दिसते मले." "दिसते तर करवत काहून लावली तिथं?" त्यांच्या संसारातली सगळी मोठी भांडणं चाळीस फूट अंतरावरून झाली आणि गिऱ्हाइकांनी ती मन लावून ऐकली. एकुलत्या एका मुलीने पुण्याला नोकरी करावी की नाही, हे एका वकिलांच्या अंगणातल्या जांभळाच्या झाडावर ठरलं. निकाल ताईच्या बाजूने लागला. वकिलांनीही तिच्याच बाजूने मान हलवली होती.

ताई तीन वर्षांपूर्वी गेली. आजारी पडली आणि दोन महिन्यांत संपलं. भाऊजी महिनाभर घराबाहेर पडले नाहीत. मग एके दिवशी टेम्पो धुतला आणि कामाला लागले. दोर धरायला त्यांनी एकामागून एक तीन माणसं ठेवली. पहिला सारखा मोबाइलमध्ये पाहायचा. दुसरा झाडाखाली उभं राहून स्वतःच्या सासऱ्याच्या तक्रारी सांगायचा. तिसरा चांगला होता, कष्टाळू होता, तरी त्यालाही त्यांनी काढलं. का, तर "तो सगळ्याले हो म्हनते गा. मी मुद्दाम चुकीची फांदी दाखवली, तरी हो म्हनला."

मी तेव्हा नुकताच पोस्टातून निवृत्त झालो होतो. लग्न केलं नाही, त्यामुळे सकाळी आठनंतर मला कोणाचंच काही काम नसायचं. म्हटलं, मी येतो. भाऊजींनी मला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "भांडता येते का?" मी म्हणालो, "ताईचा भाऊ आहे." त्यांनी तिचं हेल्मेट आणून माझ्या हातात दिलं. ते मला थोडं लहान होतं. हनुवटीखालचा पट्टा मी शेवटच्या भोकापर्यंत सैल केला.

पहिल्याच आठवड्यात एक अडचण लक्षात आली. त्यांची पेट्रोलवर चालणारी कापायची मशीन एवढी गर्जना करायची, की मी खालून काहीही ओरडलो तरी त्यांना ऐकू जात नसे. ताईचा आवाज त्या गर्जनेतूनही पोचायचा. माझा आवाज पोस्टाच्या खिडकीपलीकडे कधी गेलेला नव्हता. म्हणून मीच त्यांच्या मागे लागलो की बॅटरीवर चालणारी मशीन घ्या. दोन महिने त्यांनी माहिती काढली, चार दुकानं पालथी घातली, दुकानांत ओंडके नेऊन कापून पाहिले आणि शेवटी घेतली. ही शहाणी मशीन होती. बोट दाबलं की चालायची, बोट सोडलं की एकदम गप्प.

सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्यात चिंचेचं मोठं झाड होतं. हिवाळ्याची सकाळ होती. भाऊजी वर जाऊन फांदीवर नीट बसले, एक वाळकी फांदी कापली आणि मशीन थांबवली. आणि त्या शांततेत मला वरून त्यांचा आवाज आला. माझ्याशी बोलतात तो नव्हे, हळू, घरातला.

"हे डावी घेऊ का वं? का राहू देऊ?"

आमच्याकडे पुरुषाला 'गा' म्हणतात आणि बाईला 'वं'. खाली मी एकटा होतो. ते थोडा वेळ थांबले, एखाद्याचं ऐकून घ्यावं तसे. मग म्हणाले, "बरं, राहू दे. तुह्याच मनासारखं." आणि ती डावी फांदी सोडून पुढे सरकले. मी मान खाली घातली आणि जमिनीवरचा पाला गोळा करू लागलो.

त्यानंतर पंधरा दिवसांतच बॅटरीची मशीन टेम्पोतल्या पेटीत गेली आणि पेट्रोलची पुन्हा बाहेर आली. "बॅटरी लवकर उतरते," एवढंच ते म्हणाले. ते वर, ती गर्जना मध्ये आणि मी खाली, असे आम्ही दोन-तीन महिने काम करत राहिलो. त्या आवाजाच्या आड ते काय बोलत असतील, याचा विचार करत मी दोर धरून उभा असायचो.

मग हिंगण्याकडच्या एका आमराईत व्हायचं ते झालं. एक कापलेली फांदी खाली न येता त्यांच्या डोक्यावरच्या बेचक्यात अडकून बसली. त्यांना ती दिसत नव्हती, मला दिसत होती. मी जीव खाऊन ओरडलो. मशीन चालूच. दोराला हिसका द्यायला मी हात उचलतो तोवर फांदी घसरली आणि त्यांच्या खांद्यावर आदळली. मशीन हातातून सुटून खाली पडली. दोराला असा झटका बसला की मी दोन पावलं फरफटत गेलो, पण दोर सोडला नाही. भाऊजी पट्ट्याला लोंबकळत राहिले. मी त्यांना हळूहळू खाली घेतलं तेव्हा त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं आणि माझे तळवे सोलले होते.

खांद्याचं हाड मोडलं होतं. दीड महिना हात गळ्यात. मी त्यांच्याकडेच राहायला गेलो. एके दिवशी चहा देताना मी विचारलं, "ती बॅटरीची मशीन का ठेवून दिली, भाऊजी?"

"सांगतलं ना, बॅटरी उतरते."

त्यांनी कप खाली ठेवला.

"तुले ऐकू आलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"चिंचेवर?"

"हो."

"मले समजलंच होतं. तू पाला गोळा करून राहिला होता. तू कधी पाला गोळा करत नाही." मग त्यांनी गळ्यातली झोळी उगाच नीट केली. "शरम वाटली गा. एवढा पासष्ट वर्षांचा मानूस झाडावर चढते आन् बायकोशी बोलते. पन तिले इचारल्याबिगर हात चालत नाही माहा."

मी म्हणालो, "आमच्या घरात तर सगळेच तिला विचारून करायचे. तुम्ही विचारा. खाली मीच असतो, दुसरं कोण असतं?" आणखी एक गोष्ट मनात होती, ती मी बोललो नाही. माझीही ती एकुलती एक बहीण होती, आणि तिच्याशी बोलायला माझ्याकडे झाडसुद्धा नव्हतं.

आता बॅटरीचीच मशीन चालते. डॉक्टरांनी उंच चढू नका म्हणून बजावलंय, म्हणून भाऊजी आता मध्यम उंचीची झाडं घेतात, आणि कुठलं झाड मध्यम हे स्वतःच ठरवतात. वर बसले की बोलतात. घरट्यांचं, मुलीच्या फोनचं, महापालिकेच्या परवानगीला लागणाऱ्या वेळाचं. मधूनच एकटे हसतात. गिऱ्हाईक चमकून माझ्याकडे पाहतं. मी सांगतो, "मोजमाप चालू आहे."

गेल्या महिन्यात कळमेश्वरला काम होतं. परतताना मी पहिल्यांदाच विचारलं, "आज ताई काय म्हणाली?"

भाऊजींनी गिअर बदलला. पुढे एक ट्रक होता, तो मागे टाकला.

"आजकाल कमी बोलून राहिली गा," ते म्हणाले.

मी काच थोडी खाली केली. मागे टेम्पोत पाला वाऱ्याने सळसळत होता.