दीपगृहातल्या मुलाचा आवाज

दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमचं बालपण गेलं, ते एका जपानी कार्टूनच्या तालावर. दीपगृहात एकटा राहणारा मुलगा आणि त्याचे उद्योग. मालिका हिंदीत डब केलेली होती. तो पोरगा जिना चढून वर जायचा आणि समुद्रावर गेलेल्या बापाला हाक मारायचा, तेव्हा माझी एरवी कजाग असलेली बहीणसुद्धा उशीत तोंड खुपसायची.

आता माझी मुलगी तीच मालिका मूळ जपानीत बघते, खालची इंग्रजी वाक्यं वाचत. “यार आई, हिंदी डबिंग बिल्कुल नकली वाटतं,” म्हणते. माझं डोकं फिरतं. जपानी मला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. तो मुलगा हिंदीतच बोलतो, विषय संपला.

तर गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमध्ये एक काकू मुलाकडे राहायला आल्या. हळदीकुंकवाला बसल्या असताना टीव्हीवरून विषय निघाला आणि त्या सहज म्हणाल्या, “मुंबईत डबिंग करायचे ना मी. तो दीपगृहातला मुलगा मीच.” माझ्या हातातली तिळगुळाची ताटली पडायचीच बाकी होती. लहान मुलांचे आवाज बायका देतात, हे इतकी वर्षं माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

मग मला कुठला दम निघतोय. मुलीला कामाला लावून मी सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये त्या मालिकेच्या चाहत्यांना बोलावलं. दिल्ली, नोएडाहूनसुद्धा मंडळी आली. काकू इरकल नेसून, केसात गजरा माळून आल्या होत्या.

चाहत्यांची वेबसाइट चालवणारा एक तरुण उठला. “आंटी, बुरा मत मानिए, पर टायटल्स में तो आपका नाम ही नहीं है.”

“हमारे नाम डालते ही नहीं थे, बेटा,” काकू म्हणाल्या.

“तो एक डायलॉग सुना दीजिए?”

काकूंनी माइक घेतला. घशातून आला तो सत्तरीच्या बाईचा थकलेला आवाज. खाकरून पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तोच. लोकांनी समजूतदारपणे टाळ्या वाजवल्या. त्यापेक्षा कोणी हसलं असतं तर परवडलं असतं. काकू खोटं बोलल्या असं सगळ्यांना वाटत होतं आणि ते काकूंना दिसत होतं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

काकू माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, “अगं, समोर चित्र कुठंय? त्याचे ओठ हलल्याशिवाय मी बोलू कशी?”

एवढे आम्ही चाहते, पण डबिंग कसं करतात हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मुलीने ते ऐकलं. तिने लॅपटॉप जोडला, जिन्याचा प्रसंग लावला आणि आवाज बंद केला.

काकू उभ्या राहिल्या. हेडफोन असल्यासारखा एक हात कानावर ठेवला. पडद्यावर मुलगा धापा टाकत वर आला, काकूंनाही धाप लागली. त्याने तोंड उघडलं आणि क्लबहाउसमध्ये दहा वर्षांचा मुलगा ओरडला, “बाबूजी!”

टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलंच नाही. मी तर सरळ रडले. माझी मुलगी काकूंकडे टक लावून बघत होती.

तो तरुण पुढे आला आणि खाली वाकून काकूंच्या पाया पडला. मग फोन काढून म्हणाला, “पूरा नाम बताइए आंटी. वेबसाइट पर आज ही डालूंगा.”

काकूंनी आधी मालिकेतल्या आजोबांचा आवाज दिलेल्या गृहस्थांचं नाव सांगितलं. ते आता हयात नाहीत. मग चेटकिणीचा आवाज देणाऱ्या मैत्रिणीचं. मग कुत्र्याचं भुंकणं काढणाऱ्याचं, मागच्या गर्दीत ओरडणाऱ्यांची. आठवून आठवून सांगत होत्या, तो लिहून घेत होता.

“और आपका?” त्याने विचारलं.

“जगह बची तो लिख देना,” काकू म्हणाल्या.